निरीक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक पडलं. (आमचा पेपरवाला ही पत्रकं आत सरकवतो, आपण छापत नाही, हे ठाऊक आहे, तरी निघालं ते आपल्या अंकाच्या पोटातून, म्हणून पत्रही आपल्यालाच.) नववी ते बारावीच्या मुलांसाठी बायोमेडिकल डेटा अ‍ॅनालिसिस (म्हणजे आरोग्याच्या आकड्यांचं विश्लेषण) आणि शोधनिबंध-लेखन, सगळं घरबसल्या, आणि शेवटी 'आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये निबंध नक्की'. 'नक्की'खाली दोन रेघा. फी वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

मी महापालिकेच्या रुग्णालयातून प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. रक्त घ्यायचं, बल्बांवर (रक्ताच्या छोट्या बाटल्यांवर) नंबर टाकायचे, पेशी मोजायचा काउंटर चालवायचा, रजिस्टर भरायचं, असं आयुष्य गेलं. आता ऐरोलीत राहते आणि शनिवारी जवळच्या एका मराठी शाळेत नववीच्या मुलांबरोबर आकडेमोडीला बसते. तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी बोलावलं म्हणून गेले आणि तिथलीच झाले. तेव्हा हा विषय मुलांना शिकवूच नये, असं म्हणणारी मी नव्हे. उलट तो दहावीच्या आत शिकवायला हवा. माझी तक्रार आहे ती शेंड्याकडून झाड लावायच्या या पद्धतीबद्दल.

आमच्याच सोसायटीतल्या अकरावीच्या एका मुलाने असाच एक वर्ग केला. मुलगा हुशार आहे, आणि 'काकू, वाचून सांगा' म्हणून निबंध घेऊन आला, हा त्याचा मोठेपणा. विषय होता मधुमेहाचं भाकीत. माहिती घेतली होती ती जगभरचे नवशिके वापरतात त्याच तक्त्यातून: अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधल्या पिमा समाजाच्या, एकवीस वर्षं आणि त्यापुढच्या ७६८ स्त्रिया. त्यातल्या २६८ जणींना मधुमेह. निबंधात भाकीत करणारी तीन प्रकारची संगणकी मॉडेलं, रंगीत आलेख, अचूकतेची टक्केवारी, आणि शेवटच्या परिच्छेदात या सगळ्याचा ग्रामीण महाराष्ट्राला कसा उपयोग होईल ते.

मी म्हटलं, निबंध राहू दे, मूळ तक्ता उघड. रक्तदाबाच्या रकान्यात शून्य. खाली गेलो, पुन्हा शून्य. असे ३५.

"ते मॉडेलने हँडल केलंय, काकू."

"अरे, शून्य रक्तदाबाची बाई ओपीडीत चालत येईल का?"

तो हसला, मग गप्प झाला. इन्शुलिनचा रकाना तर त्याहून वाईट: ७६८ पैकी ३७४ ठिकाणी शून्य. ही शून्यं म्हणजे मोजमाप नव्हे. तिथे मोजलंच गेलेलं नाही आणि रिकाम्या जागी कोणीतरी शून्य भरलंय. ती धरून इन्शुलिनची सरासरी काढली तर ८० च्या आसपास येते, वगळून काढली तर १५५ च्या पुढे. जवळजवळ दुप्पट. याच्या निबंधात पहिली सरासरी छापलेली होती. संगणकाने तक्रार केली नाही, कारण संगणकाला शून्य हा आकडाच वाटतो. ज्याने कधी कुणाच्या दंडाला पट्टा बांधलाय त्यालाच ते खटकतं. इतके आठवडे फी भरून शिकवणाऱ्यांपैकी एकानेही या पोराला तक्ता वरून खाली वाचायला सांगितलं नव्हतं.

आणि लेखनाचं म्हणाल तर निबंधाचं इंग्रजी संस्थेच्या 'संपादका'ने सुधारून दिलं होतं. इतकं सुधारलं होतं की 'पद्धती' या भागातली दोन वाक्यं लेखकालाच समजावून सांगता येईनात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिच्या नियमांप्रमाणे लेखक म्हणून ज्याचं नाव येतं त्याने त्या कामाची जबाबदारी घ्यायची असते, कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं असतं. त्याच कारणाने कृत्रिम बुद्धिमत्तेला लेखक म्हणून नाव देता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाचं नाव मात्र देता येतं, आणि ते विकताही येतं.

मग मुलांना शिकवायचं काय आणि कुठून? माझं उत्तर प्रयोगशाळेतलं आहे: आकडा कुठून आला तिथून.

साखरेचं रक्त राखाडी झाकणाच्या बल्बात घेतात, त्यात फ्लोराइड असतं. का, तर बाटलीत आलं तरी रक्त जिवंत असतं, पेशी साखर खात राहतात. साध्या बल्बात ठेवून दिलं तर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर उतरते. सकाळी आठला घेतलेलं सॅम्पल वॉर्डबॉय चहा पिऊन अकराला घेऊन आला, तर रिपोर्टवर पेशंटची साखर येत नाही, वॉर्डबॉयचा चहा येतो. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला, जांभळं झाकण; त्यात रक्त गोठू न देणारं ईडीटीए. बल्ब नीट हलवला नाही तर बारीक गुठळी होते आणि प्लेटलेट खोट्या कमी दिसतात. सुई नीट लागली नाही, रक्त जोराने ओढलं, की तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं. एक्सेलच्या चौकटीत पोचेपर्यंत आकड्यामागे एक हात, एक वेळ आणि एक यंत्र उभं असतं. चौकटीत त्यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ते पद्धतीच्या भागात लिहायचं असतं. मुलांना हे कळलं की 'पद्धती' हा कंटाळवाणा भाग राहत नाही. चोर पकडायची जागा तीच.

शाळेत आम्ही रक्ताला हात लावत नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलंमुलं एकमेकांची बोटं टोचून हिमोग्लोबिन काढतात, असं मी पाहिलंय आणि तिथल्या तिथे थांबवलंय. संसर्गाचा धोका तर आहेच. पण वर्गातल्या कुठल्या मुलीचं हिमोग्लोबिन आठ आहे हे दुसऱ्या दिवशी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतं, त्याचं काय? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठराच्या आतल्या मुलांवर संशोधन करायचं तर पालकांची संमती लागते आणि मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. शाळेचा प्रकल्प म्हणजे संशोधन नव्हे असं कोणी म्हणेल. मग त्याला निबंधाचं रूप देऊन प्रसिद्ध कसं करता?

आम्ही घेतली नाडी. फुकट, बिनरक्ताची आणि प्रत्येकाकडे असलेली. बसून मोजायची, दोन मजले चढून यायचं, पुन्हा मोजायची. तक्ता फळ्यावर लिहिला: ७२, ८४, ७६, ८८, ८०, ७२, ९६... बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "बाई, सगळे चारच्या पाढ्यातले आहेत."

होतेच. सगळ्यांनी पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं होतं. म्हणजे एक ठोका निसटला की मिनिटाला चारचा फरक. मग मुलामुलींच्या नाडीत दोनचा फरक 'आढळला' म्हणून जे वाक्य एका गटाने आधीच लिहून ठेवलं होतं, त्याचं करायचं काय? पुढच्या शनिवारी पूर्ण मिनिट मोजलं. आकडे सुटे झाले, ७१, ७३, ७९ दिसू लागले. एकाच मुलाची नाडी दोघांनी मोजली तर दोन उत्तरं येतात, हेही दिसलं. त्यावर वर्गात भांडण झालं, आणि ते भांडण हाच माझ्या मते त्या तिमाहीतला सर्वांत चांगला धडा होता. मोजणाऱ्यामुळे पडणारा फरक, मोजमापाची बारकाई, सरासरी का काढायची, किती मुलं घेतली तर सरासरीवर विसंबता येईल: सांख्यिकीच्या पुस्तकातली अर्धी प्रकरणं त्या एका फळ्यावर होती. पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का, ते तपासायचं माप) हा शब्द मी काढलाही नाही.

ज्यांना हे पोरखेळ वाटतं त्यांनी कुठल्याही दवाखान्यातलं रक्तदाबाचं जुनं रजिस्टर पाहावं. १२०/८०, ११०/७०, १३०/८०, १४०/९०. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणजे शेवटचा आकडा शून्य, दोन, चार, सहा, आठ यांपैकी काहीही यायला हवा. पानच्या पान शून्यावर संपत असेल तर तो पारा बोलत नसतो, मोजणाऱ्याची घाई बोलत असते. आणि याच रजिस्टरांवर पुढे अहवाल उभे राहतात.

यानंतर आम्ही छापील माहितीकडे वळलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणजे एनएफएचएस, आपल्या गोवंडी-देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होतं. त्याची जिल्हावार पत्रकं कोणालाही मोफत मिळतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ५४.२ झालं. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत ५३.८ वरून ६८.९. मुलांनी लगेच वाक्य लिहिलं, 'महाराष्ट्रात रक्तक्षय वाढला'. मी म्हटलं, असेलही. पण आधी विचारा, रक्त कुठून घेतलं? बोटातून. बोट दाबलं की रक्ताबरोबर ऊतींतलं पाणी येतं, आकडा हलतो. याच वादातून पुढच्या फेरीत रक्तक्षयाची तपासणी या सर्वेक्षणातून काढून, शिरेतलं रक्त घेणाऱ्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे द्यायचं ठरलं. म्हणजे रक्तक्षय नाही असं मुळीच नव्हे. माझ्या नोकरीत सातच्या खाली हिमोग्लोबिन घेऊन स्वतःच्या पायांनी आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण 'वाढला' हे क्रियापद लिहायच्या आधी थांबायचं असतं.

मग एका गटाने ठाणे जिल्ह्याची दोन सर्वेक्षणं शेजारी मांडली. तुलना सुरू झाली, आलेखकागदावर खांब काढले गेले. तेवढ्यात जव्हारकडचा एक मुलगा, आजोळ तिकडचं, म्हणाला, "पण आता आमचं जव्हार ठाण्यात कुठाय?" बरोबर. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. पण २०१५-१६ च्या सर्वेक्षणाने २०११ च्या जनगणनेचे ६४० जिल्हेच धरले होते, म्हणजे त्यातल्या ठाण्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी सगळे होते. २०१९-२१ ला ७०७ जिल्हे झाले आणि पालघर निराळा मोजला गेला. आदिवासी तालुके वजा झालेलं ठाणं 'सुधारलेलं' दिसलं तर त्यात ठाणेकरांचं कर्तृत्व किती आणि नकाशाचं किती? जाताजाता, याच कारणाने नवी मुंबईवर प्रकल्प करणाऱ्यांची पंचाईत होते. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडात. लोकलमधून उतरेपर्यंत जिल्हा बदललेला असतो.

जव्हारच्या त्या मुलाला कोणतंही सॉफ्टवेअर येत नव्हतं. सॉफ्टवेअर शिकवू नका असं नाही. आर, पायथन या आकडेमोडीला वापरतात त्या संगणकी भाषा फुकट आहेत, शाळेतल्या चालू असलेल्या संगणकावर चालतात. फक्त सॉफ्टवेअरचेही गुण सांगून ठेवा. एक्सेल जनुकांच्या नावांची परस्पर तारीख करून टाकतं, हे मुलांना सांगितलं की ती खूश होतात. सेप्ट-२ लिहिलं की सप्टेंबरची दोन तारीख, मार्च-१ लिहिलं की मार्चची एक. २०१६ साली संशोधकांनी एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेले निबंध तपासले, तर साधारण पाचातल्या एकात हा घोळ सापडला. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच हार मानून अशा जनुकांची नावं बदलली. शास्त्रज्ञांनी सॉफ्टवेअरपुढे टेकलेले हात म्हणून मी हे दरवर्षी सांगते.

आणि संगणक नसतानाही हे काम होत आलंय, तेही आपल्या मुंबईत. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ च्या सुमारास मुंबईत आली, गिरणीकामगार वस्तीतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला. कोण काय खातं, कोणाचं रक्त कसं दिसतं, याच्या नोंदी ठेवत गेली. जंतू नाही, आहारात काहीतरी कमी आहे असं दिसू लागलं, आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या मार्माइटने, या बायका बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आज गरोदरपणात आरोग्यसेविका ज्या गोळ्या देते, त्यातला एक भाग परळच्या त्या नोंदींतून आलाय. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी गिरणीची आठवण आहे. हे ऐकताना ती सरसावून बसतात.

आता लेखनाबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र. जगभर शोधनिबंधाचा जो साचा असतो, प्रस्तावना, पद्धती, निकाल, चर्चा, तो आपल्या मुलांना नवा नाही. विज्ञानाच्या जर्नलमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रयोगवहीत, ती लिहितातच: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. साचा तयार आहे. बिघाड कुठे आहे ते कोणत्याही पालकाने स्वतःच्या मुलाला विचारावं: निरीक्षण कधी लिहिलंस? प्रयोगाच्या आधी. मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीतून, नाहीतर मार्गदर्शकातून. अनेक ठिकाणी प्रयोग होतच नाही, निरीक्षण मात्र सुवाच्य अक्षरात हजर. वर्षानुवर्षं आपण मुलांकडून न पाहिलेलं लिहून घेतो आणि मग ती 'शोधनिबंध नक्की' या पत्रकाला भुलली तर नवल काय? पत्रकवाले तेच विकतात, फक्त इंग्रजीत.

आमच्या शनिवारी म्हणून एकच कडक नियम आहे: 'यावरून सिद्ध होते' हे लिहायचं नाही. 'आम्ही मोजलेल्या मुलांत असे दिसले' लिहायचं. किती मुलं, कोणत्या वेळी, जेवणाआधी की नंतर, घड्याळ कोणाचं, मोजलं कोणी. लिहून झालं की वही दुसऱ्या गटाला द्यायची आणि त्यांनी फक्त वही वाचून तोच प्रयोग करायचा. जिथे ते अडतात तिथे लिहिणाऱ्यांनी गाळलेलं असतं. एका गटाने लिहिलं होतं, 'जिना चढून नाडी मोजली.' दुसऱ्यांनी विचारलं, चढल्याबरोबर की दम खाऊन? तेवढा एक प्रश्न दहा व्याकरणाच्या तासांचं काम करतो. हे सगळं मराठीत होतं. इंग्रजी पुढे येईल. ज्याला मराठीत 'चढल्याबरोबर' लिहायचं सुचलं त्याला इंग्रजीतही सुचेल.

आणखी एक, खाडाखोडीचं. प्रयोगशाळेत चुकीची नोंद मिटवता येत नाही. एका रेघेने खोडायची, आधीचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. रजिस्टरवर पांढरं व्हाइटनर दिसलं तर आमच्या साहेबांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. शाळेत उलट आहे. खोडलेल्याचे गुण कापतात, आणि व्हाइटनर लावून स्वच्छ केलेल्या पानाला 'छान' मिळतं.

दहावीच्या विज्ञानात वीस गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. त्यातले पाच तरी मुलाने स्वतः, प्रयोग चालू असताना, पेनाने लिहिलेल्या कच्च्या वहीला द्यावेत, अशी माझी राज्य मंडळाला आणि तोवर आपापल्या अखत्यारीत शाळांना विनंती आहे. त्याला अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, यंत्रं आणावी लागत नाहीत. शिक्षकांना अधिक तपासावं लागेल हे खरं, आणि एका वर्गात साठ-साठ मुलं असताना ते सोपं नाही हेही मी दर शनिवारी पाहते. सगळे प्रयोग नकोत. वर्षातून दोन घ्या, पण खरे.

आणि ठाणे-नवी मुंबईत लवकरच तालुका पातळीवरची विज्ञान प्रदर्शनं सुरू होतील. परीक्षकांना एवढंच सांगणं आहे: टेबलावरचा थर्माकोलचा देखावा आणि लॅमिनेट केलेला निबंध पाहण्याआधी मुलाकडे कच्ची वही मागा. त्यातल्या एखाद्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, इथे काय झालं होतं?

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ऐरोली, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत दिला आहे.)